सहावा बोळा

१

दुपारची जेवणं उरकली की चांगुणा आतल्या खोलीत अर्धा तास आडवी होते आणि मी शेडमध्ये जातो. निवृत्त झाल्यापासून चार वर्षं हा नेम चुकलेला नाही. शेड म्हणजे घराच्या भिंतीला टेकवलेला पत्रा. स्वयंपाकघराची खिडकी शेडमध्येच उघडते, त्यामुळे तिची फोडणी मला कळते आणि माझ्या शिव्या तिला कळतात.

मी भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं सिव्हिलियन फिटर होतो. नोकरी सुटली, नाद सुटला नाही. लष्कराने मोडीत काढलेली एक जोंगा चार हात फिरून माझ्या दारात आली. जोंगा म्हणजे जीपची थोरली बहीण. अंगाने दांडगी, आत पेट्रोलवर चालणारं सहा सिलेंडरचं इंजिन. सपाटीला ती झकास चालायची. चढ लागला की धापा टाकायची.

गेल्या वर्षी नवरात्रात तिने माझं नाक कापलं. मोहट्याच्या देवीला निघालो होतो, मी, चांगुणा आणि माझा मित्र गोरक्ष. गोरक्षचं एमआयडीसीत लेथचं दुकान आहे आणि त्याच्या जिभेला हाड नाही. करंजी घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर आली, मग पहिल्या. कांद्याच्या गोण्या भरलेला ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. उतरून ढकलू का, असं गोरक्षने मागून विचारलं. मी चिडून गाडी कडेला घेतली. इंजिन निवेपर्यंत पाय मोकळे करावेत म्हणून चांगुणा उतरली, वीस पावलं चढली आणि कठड्याला धरून खाली बसली. ओठ निळे पडले होते. देवी राहिली बाजूला, तिथूनच उलटे फिरून आम्ही नगरचा दवाखाना गाठला.

चांगुणाची छाती जुनीच अधू आहे. ती मूळची खर्ड्याची. लहानपणी आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची आणि पाचटाच्या कोपीतल्या, म्हणजे झोपडीतल्या, तीन दगडांच्या चुलीवर घरादाराच्या भाकरी थापायची. डॉक्टर म्हणाले, बाईंनी जन्मात बिडी ओढली नसेल, पण फुप्फुसं पन्नास वर्षं ओढल्यासारखी आहेत. औषध आहे, बरं होणं नाही. त्या दिवसापासून तिचा श्वास ऐकल्याशिवाय मला झोप लागत नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. तिच्याआधी मी जावं असं मी देवापाशी मागून ठेवलं आहे.

तिच्या मनात मात्र एकच बसलं होतं, की देवीने वाटेतून परत पाठवलं. पुढच्या नवरात्रात जायचंच. मग मी इंजिनाला टर्बो बसवायचं ठरवलं. टर्बो म्हणजे फार काही नाही. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चक्र फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र इंजिनात जादा हवा कोंबतं. ट्रकचा एक टाकून दिलेला टर्बो भंगारातून आणला आणि उन्हाळाभर बसून दुरुस्त केला. चांगुणा खिडकीतून बघत होती.

"त्या लोखंडाला वारं पाजताय व्हय?" ती म्हणाली. "आधी माझ्या छातीला बसवा कायतरी."

मी म्हणालो, आधी हिच्यावर करून बघतो, जमलं तर तुझा नंबर. ती हसली आणि हसता हसता खोकली.

२

टर्बो बसवायला इंजिनाच्या बाजूचा मॅनिफोल्ड, म्हणजे हवेचा आणि धुराचा जोडपाइप, काढावा लागतो. तो निघाला की सिलेंडरची सहा तोंडं उघडी पडतात. त्यात चुकून एखादा नट पडला तर इंजिनाची माती. म्हणून उघड्या तोंडांत कापडाचे बोळे कोंबायचे, आणि ते मोजायचे. जितके घातले तितके काढले, हे मोठ्यांदा म्हणायचं, असं वर्कशॉपात पहिल्याच दिवशी उस्तादाने शिकवलं होतं. चौतीस वर्षांत मी एकदाही चुकलो नाही, हे मी लोकांना जरा जास्तच वेळा सांगितलं आहे.

बोळ्यांना सुती कापड लागतं. चांगुणाची एक विरलेली हिरवी सुती साडी ट्रंकेत होती. नेसलेलं जुनं कापड कुणाला द्यायचं असो की फरशी पुसायला घ्यायचं असो, ती आधी पदराचा एक दोरा ओढून काढते आणि गॅसवर जाळते. तिच्या आईची रीत. कारण विचारलं तर म्हणते, आपलं अंग त्यातून सोडवून घ्यायचं असतं. त्या दुपारी ती झोपली होती. एका दोऱ्यासाठी कशाला उठवायचं, म्हणून मी साडी काढली आणि पदराकडून सहा तुकडे टरकावले.

चार दिवस बोळे आत राहिले. पाचव्या दिवशी गोरक्ष नवा मॅनिफोल्ड वेल्डिंग करून घेऊन आला. कांद्याच्या ट्रॅक्टरवरून त्याने चिडवायला सुरुवात केली, मध्येच चहा आला, मी एकीकडे बोळे काढून डब्यात टाकत होतो आणि दुसरीकडे त्याला उत्तरं देत होतो. मोठ्यांदा मोजल्याचं मला आठवत नाही.

संध्याकाळच्या आत सगळं जोडून झालं. चावी फिरवली. इंजिन लागलं, पण अडखळत. एक सिलेंडर मुका होता. मागून पांढरा धूर आला आणि काहीतरी जळल्याचा वास शेडभर पसरला. नवं पॅकिंग जळतंय, मी म्हणालो. गोरक्ष नाक वर करून वास घेत राहिला. मिनिटाभरात अडखळणं थांबलं, सहाही सिलेंडर एका सुरात बोलू लागले, आणि पाय दाबला तशी टर्बोची बारीक शीळ ऐकू आली. मी साठी ओलांडलेला माणूस, शेडमध्ये उड्या मारायच्याच बाकी होत्या.

खिडकीत चांगुणा उभी होती. एक हात गळ्यावर. काय झालं विचारलं तर म्हणाली, ठसका लागला, काहीतरी अडकल्यासारखं झालं, आता गेलं. मग तिने श्वास घेतला. इतका खोल श्वास घेताना मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "आज छाती लई मोकळी वाटती."

जाताना गोरक्षने बजावलं की टर्बोची गाडी एकदम बंद करायची नाही, दोन मिनिटं सावकाश फिरू द्यायची आणि मग चावी काढायची. मला ते काही नवीन नव्हतं, पण त्याला सांगायची हौस.

३

टर्बोबरोबर डॅशबोर्डवर एक गोल मीटर लावला होता. काटा शून्याच्या डावीकडे गेला तर इंजिन हवा ओढतंय, उजवीकडे गेला तर टर्बो हवा कोंबतोय. इंजिन बंद असलं की काटा शून्यावर गप्प. इंजिनापासून या मीटरपर्यंत करंगळीपेक्षा बारीक अशी एक रबरी नळी येते, एवढाच काय तो मामला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी पुसायला बसलो. इंजिन गार होतं. बॅटरीची वायरही काढलेली होती. आतून काच पुसताना मीटरकडे लक्ष गेलं. काटा हलत होता.

केसाइतकाच. शून्यावरून जरासा डावीकडे जायचा, थांबायचा, मग किंचित उजवीकडे यायचा. पुन्हा डावीकडे.

वारा असेल म्हणून मी शेडचं दार लावून घेतलं. काटा हलतच होता. मग वाटलं, रस्त्याने लष्कराचे ट्रक जातात, त्याने जमीन थरथरत असेल. उतरून बाहेरून पाहिलं. रस्ता रिकामा होता. मग मीटरच खराब असणार. मी नळी मीटरातून उपसली, आणि काटा शून्यावर येऊन गप्प बसला. म्हणजे मीटर ठीक होता. नळीचं मोकळं तोंड माझ्या हातात राहिलं. फिटरची सवय, मी त्याला अंगठा लावला.

अंगठ्याला ओढ लागली. वासरू बोट चोखतं तशी, हलकी. मग ती सुटली आणि उबदार, दमट हवा अंगठ्यावर आली. पुन्हा ओढ.

गार इंजिन हवा ओढत नाही. मी घड्याळ धरून मोजलं. मिनिटाला सोळा. मग कुठे तरी गळती असेल, ती कळावी म्हणून मी अंगठा घट्ट दाबला. ओढ वाढली. जोराची, घाईघाईची झाली, अंगठ्याचं कातडं नळीत जायला लागलं. आणि खिडकीच्या आत झोपेतून उठून चांगुणा खोकायला लागली.

मी अंगठा काढला. खोकला थांबला.

इंजिनाचा हवेचा मोठा पाइप उघडाच होता. एवढ्याशा नळीवर बोट ठेवून कशाचं काही अडायला नको. मी बराच वेळ तिथे उभा राहून हे स्वतःला समजावत होतो.

४

वर्कशॉपात आमचा एक नियम होता. बिघाड एकदा दिसला तर योगायोग, दोनदा दिसला तर शंका, तीनदा दिसला तरच बिघाड. माझं सगळं आयुष्य त्या नियमावर चाललं. तो नियम इंजिनांसाठी होता, एवढं मला सुचायला हवं होतं.

दुसऱ्या वेळी चांगुणा जागी होती, ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. मी वीस सेकंद अंगठा धरला आणि ती खोकली. तिसऱ्या वेळी मी ठरवलं की मिनिटभर धरायचा. खोकला आला तरी सोडायचा नाही, कारण खोकला तर तिला एरवीही येतोच.

खोकला आला. मी घड्याळाकडे बघत राहिलो. मग तो थांबला. मला हायसं वाटलं. बघ, म्हटलं, अंगठा तसाच आहे आणि खोकला थांबला, म्हणजे सगळे तुझ्या मनाचे खेळ. अजून दहा सेकंद उरले होते, ते मी पुरे केले. तेवढ्यात आत भांडं पडलं.

ती स्वयंपाकघरात जमिनीवर होती. डोळे उघडे. तोंड उघडत होतं आणि मिटत होतं, आवाज नव्हता. मी धावत आलो होतो, नळी तिकडे सुटली होती, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिच्या छातीत भसकन हवा शिरली. कोरोनात घेतलेलं ऑक्सिमीटर मी तिच्या बोटाला लावलं. एक्क्याऐंशी. मग हळूहळू नव्वद.

"कुनीतरी नाकातोंडावर हात ठिवल्यागत झालं," ती म्हणाली. मग माझ्या हाताकडे बघून तिने विचारलं की अंगठ्याला काय लागलं. नळीच्या तोंडाचा गोल वळ अंगठ्यावर उठला होता. मी हात खिशात घातला.

आयुष्यात माझ्या हातून जी काही कामं झाली, त्यांतल्या या एका कामाची मला लाज वाटते. मी तिला ते सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही.

५

गोरक्षला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. त्याने आधी चेष्टा सुरू केली, मग माझं तोंड बघून थांबला.

"त्या दिशीचा वास पॅकिंगचा न्हवता," तो म्हणाला. "पॅकिंग असं जळत न्हाई. मला तवाच वाटलं हुतं, पन तू लई खुशीत व्हतास."

मी डबा आणून जमिनीवर पालथा केला. हिरवे तुकडे सरळ करून एकाशेजारी एक मांडले. पाच निघाले. मी तीनदा मोजले.

म्हणजे सहावा बोळा आतच राहिला होता आणि पहिल्याच दमात इंजिनाने तो गिळला होता. जळून गेला असेल, राख बाहेर पडली असेल, असं मी म्हणालो. गोरक्षही तेच म्हणाला. म्हणता म्हणता त्याने नळी उचलली आणि अंगठा अलगद तिच्या तोंडाशी धरला. मी त्याच्याकडे बघत होतो. दोनचार श्वासांइतका वेळ तो तसा उभा राहिला. मग झोपलेलं मूल खाली ठेवावं तशी त्याने नळी सीटवर ठेवली, नळावर जाऊन साबणाने हात धुतले, आणि पुन्हा एकदा धुतले.

चहा न घेताच तो निघाला. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. फाटकाशी थांबून त्याने विचारलं की वहिनी झोपल्यात का. मी म्हणालो, झोपली आहे.

"घोरत्यात," तो म्हणाला. "नळीतनं लागतंय. कल्यान, विंजिन खोलू नको."

खिडकी बंद होती आणि शेडमधून मला तरी काही ऐकू येत नव्हतं. मी आत जाऊन पाहिलं. ती घोरत होती.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. इंजिन चालू असलं की चांगुणा सुधारायची. ऑक्सिमीटरवर अठ्ठ्याण्णव यायचे, तरण्या पोरीचे असावेत तसे. गाडी सुरू ठेवून मी शेडमध्ये बसायचो आणि तेवढ्यात ती गच्चीवर जाऊन मिरच्या वाळत घालून यायची. गाडीचा आवाज आला की बरं वाटतं, असं तिनेच एकदा सांगितलं, आणि मग रोज विचारायला लागली की आज चालू नाही का केली. मी रोज दुपारी तासभर इंजिन चालवू लागलो. मी घाबरलेला होतो, यात शंका नाही. पण खूशही होतो. तिच्या गालावर रंग आला होता. माणूस लोभी असतो.

बंद केल्यावरचे आकडे मात्र उतरत होते. पहिल्या आठवड्यात ब्याण्णव, मग नव्वद, मग अठ्ठ्याऐंशी. मीटरचा काटा इतका कमी हलायचा, की ते बघायला आता मला चष्मा लागायचा.

६

नवरात्रात पाचव्या माळेला आम्ही दोघेच निघालो. सकाळचे दहा वाजले होते. चांगुणाने तोंडात लवंग टाकली, मांडीवर ओटीचं सामान घेतलं आणि माझ्या शेजारी बसली.

करंजी घाट लागला तेव्हा मी तिसऱ्या गिअरमध्ये होतो. पाय दाबला. काटा उजवीकडे गेला, शीळ चढली आणि गाडी घाट असा चढू लागली, जणू उतारच आहे. दोन ट्रॅक्टर मागे टाकले, मग एक टेम्पो. मी हसत होतो. आपलं कौतुक बघायला कुणीतरी लागतं, म्हणून मी चांगुणाकडे वळलो.

ती समोर बघत होती. चेहरा टवटवीत, ओठ किंचित उघडे. पदर खांद्यावरून छातीवर सरळ आला होता, आणि तो हलत नव्हता.

रस्त्याकडे बघणं भाग होतं. एक वळण घेतलं आणि पुन्हा पाहिलं. पुढचं वळण लांबचं होतं, तेवढं सगळं मी तिच्या पदराकडे अर्धा डोळा ठेवून पार केलं. छाती वर गेली नाही, खाली आली नाही. मी हाक मारली. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, हसली, आणि पुन्हा समोर बघू लागली. बोलली नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की भिंगारला गाडी सुरू केल्यापासून ती एक अक्षर बोललेली नाही. आणि ही बाई प्रत्येक गतिरोधकाला मला सूचना देते.

काटा उजवीकडे स्थिर होता. इंजिन तिच्या वाट्याचा श्वास घेत होतं.

घाट संपला, आणि पेट्रोलही संपत आलं. टर्बो लागल्यापासून जोंगा हावरी झाली होती. पुढच्या पंपावर गाडी घातली. यात्रेची गर्दी, मागे रांग. पंपावरचा माणूस म्हणाला, काका, गाडी बंद करा. मी म्हणालो, दोन मिनिटं थांब. तो म्हणाला, बंद केल्याशिवाय पेट्रोल मिळणार नाही. मागून हॉर्न वाजायला लागले. चौतीस वर्षं हुकूम ऐकलेला माझा हात आपोआप चावीकडे गेला.

इंजिन बंद पडलं. काटा शून्यावर येऊन थांबला. नेहमीची ती केसाइतकी हालचाल होते का म्हणून मी बघत राहिलो. झाली नाही.

चांगुणाचं हसू तसंच होतं, फक्त डोळे माझ्याकडे वळले. मी दहापर्यंत मोजलं. ओठांच्या कडा निळ्या पडायला लागल्या. चावी फिरवली. तापलेलं इंजिन नुसतं कण्हलं आणि पंपावरचा माणूस ओरडला, पेट्रोल भरताना सुरू करू नका. पुन्हा फिरवली. नाही.

मग मी मीटरामागे हात घालून नळी उपसली, तोंडात धरली आणि फुंकली.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पण फुंकलं तशी तिची छाती वर आली. मी थांबलो तशी ती खाली बसली, आणि माझ्या तोंडात उबदार हवा आली. त्या हवेला लवंगेचा वास होता. मी पुन्हा फुंकलं. पुन्हा. तिच्या ओठांचा रंग परत आला. पंपावरच्या माणसाने आत डोकावून पाहिलं, त्याला वाटलं म्हातारा तोंडाने पेट्रोल ओढतोय. तो दुसऱ्याला हाक मारून हसला.

पाचसहा श्वासांनंतर तिची हवा माझ्या तोंडात येताना जिभेला काहीतरी लागलं. नळी दातांत धरून मी ते बोटांनी काढलं. ओला, हिरवा दोरा होता. वीतभर बाहेर आला, बाकीचा नळीत होता. मी जरा ओढला. आणखी एक वीत आला. शेजारी चांगुणाचा हात गळ्यावर गेला.

आपलं अंग त्यातून सोडवून घ्यायचं असतं, हे तिचं बोलणं मला त्या क्षणी आठवलं. दोरा ओढून काढला तर ती सुटेल. पण कशातून सुटेल, हे मला कळेना. ती डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती. ओढा म्हणत होती की नको म्हणत होती, चाळीस वर्षं संसार करूनही मला सांगता येईना.

मी दोरा सोडला. तो सावकाश सरकत नळीत परत गेला, आणि तेवढा वेळ चांगुणा श्वास आत घेत होती.

"झालं, काका," पंपावरचा माणूस काचेवर टकटक करत म्हणाला. "घ्या गाडी म्होरं."

या खेपेला इंजिन चटकन लागलं. मोहट्याला मी खाली गाडी सुरू ठेवून बसलो. ती एकटी पायऱ्या चढून गेली, कुठेही न टेकता, आणि देवीची ओटी भरून आली.

७

त्याला आता तीन आठवडे झाले. परतल्यावर मी इंजिन दोन नाही, दहा मिनिटं सावकाश फिरू दिलं आणि मग बंद केलं. काटा हलला. चांगुणा म्हणाली, चहा टाकू का. रोजचा नेम पुन्हा सुरू झाला.

गेल्या सोमवारपासून चौथ्या सिलेंडरखाली टकटक येते आहे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावून मी ऐकलं. हा आवाज मी हजार वेळा ऐकला आहे. आतलं बेअरिंग गेलं आहे. असंच चालवलं तर चारआठ दिवसांत इंजिन धरेल आणि पुन्हा फिरणार नाही. नाही चालवलं तर आकडे आहेतच. काल बंद असताना चौऱ्याऐंशी होते. इंजिन खोलल्याशिवाय गत्यंतर नाही.

वर्कशॉपात हे काम मी चार तासांत केलं आहे. तेव्हा दोन्ही हात मोकळे होते आणि तोंडही. काल दुपारी ती झोपल्यावर मी दोन्ही हातांत पाने घेतले, नळी दातांत धरली आणि काम करता येतं का ते पाहिलं. येतं. चार तास येईल का, ते माहीत नाही.

आज मी तिला एवढंच म्हणालो की उद्या इंजिन खोलायचं आहे, तू स्वयंपाक करू नकोस, पडून राहा. ती बरं म्हणाली. थोड्या वेळाने स्वयंपाकघराची खिडकी उघडली. तिच्या हातात घडी घातलेली एक जुनी तपकिरी साडी होती. आतून दोरा जळल्याचा वास येत होता.

"बोळ्यांला घ्या," ती म्हणाली. "दोरा काढलाय. ह्या बारीला मोठ्यांदी मोजा."

मी तिला काहीही सांगितलेलं नव्हतं. मी साडी घेतली.